सुई नेहमी उत्तर दाखवते

माझं लग्न वरणानं मोडलं, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे जेवणात काही कमी-जास्त झालं का?" कमी काही नव्हतं. मीठ जास्त होतं, पण तो भाग नंतरचा. ज्या घडीला लग्न मोडलं त्या घडीला ते वरण बैलगाडीच्या चाकावर गरगर फिरत होतं, आणि तेव्हा ते वरण नव्हतंच, ते पृथ्वीचं पोट होतं. हे नीट सांगायचं तर मला बाबांपासून सुरुवात करावी लागेल, आणि बाबांपासून सुरुवात केली की मला अजून राग येतो. येऊ दे. या वयात रागाला कोण घाबरतं?

बाबा धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून निघायचे आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत शिळे व्हायचे. शाळा पाटलांच्या जुन्या गोठ्यात भरायची. गोठा पाटलांचा, गोठ्यातली एकुलती एक खुर्ची पाटलांची, आणि शाळा कमिटीचे अध्यक्षही पाटीलच. त्यामुळे गावात कुणालाही काहीही विचारू शकणारे बाबा पाटलांपुढे मात्र मान खाली घालून उभे राहायचे. मला ते मुळीच आवडत नसे.

विचारणं हा बाबांचा आजारच होता. पोरगं उशिरा आलं की "काऊन?", गाय दूध देईना की "काऊन?", भाकरी फुगली की "काऊन?" मायनं एकदा वैतागून म्हटलं होतं, "मी मेली तरी हे तिरडीपाशी बसून काऊन काऊन करतीन." त्यांची एक लांबडी वही होती. तिच्यात तीन रकाने: काय केलं, काय झालं, काऊन. बाकी सगळा मजकूर अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत लिहायचे, पण तिसऱ्या रकान्याचं नाव काही बदलायचे नाहीत. एकदा शाळा तपासायला डिप्टी साहेब आले, पुण्याकडचे. त्यांनी वही पाहिली, नाक मुरडलं, 'काऊन' खोडलं आणि वर लाल शाईनं 'कारण' लिहिलं. बाबा हो हो म्हणाले. साहेबांची गाडी वेशीबाहेर गेली तसं त्यांनी 'कारण' खोडलं आणि खाली पुन्हा 'काऊन' लिहिलं. त्यांची बंडखोरी एवढीच.

खामगावला बाबांचे एक स्नेही कापसाच्या जिनात कारकून होते. ते अधूनमधून जुन्या मासिकांचा गठ्ठा पाठवायचे. त्यातल्या एका अंकात लेख आला की पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा रस आहे. तो खालून तापतो, वर येतो, थंडावतो, पुन्हा खाली जातो. त्यातच पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्या उकळीला पीळ पडतो, भोवरे होतात. आणि असा फिरता, वाहता धातू आपली आपणच वीज आणि चुंबकत्व तयार करत असावा, जिनातल्या डायनामोसारखा. होकायंत्राची सुई उत्तरेला वळते ती बहुधा त्यामुळेच असावी. लेख या 'असावी'वर संपला होता.

बाबांना 'असावी' सहन व्हायचं नाही. ते दोन दिवस जेवताना भलतीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी मायनं चुलीवरचं वरण ढवळताना सहज म्हटलं, "काय पाहून राह्यले एवढं? वरन मधातून वर येते अन् कडेनं खाली जाते. त्यात काय नवीन हाय?"

बाबा ताडकन उठले. "पुन्हा सांग!"

"काय सांगू?"

"मधातून वर, कडेनं खाली!"

माय बिचारी घाबरली. तिला वाटलं वरणात पाल पडली.

अशा तऱ्हेनं आमच्या अंगणात पृथ्वी आली. बैलगाडीचं एक जुनं चाक, जमिनीत रोवलेल्या लाकडी खुंटावर आडवं बसवलेलं. चाकावर मातीची शेगडी, शेगडीवर पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, आणि गंजात तुरीचं वरण. चाकाच्या उत्तरेला लाकडी तिवई, आणि तिवईवर ते होकायंत्र. मोजणी खात्यातून पेन्शन घेतलेल्या एका गृहस्थांनी ते बाबांना दिलं होतं. गंज फिरायचा, वरण उकळायचं, आणि सुई हलते का हे बाबा पोटावर पडून बघायचे. चाक फिरवायचं आणि फेरे मोजायचे काम माझं. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली, सोळावं लागलेलं, आणि दिवसाकाठी पाचशे वेळा पृथ्वी फिरवत होते.

बाबांना आपण खुळे म्हणावं तर ते तितके खुळे नव्हते. जवळ लोखंड असलं की सुई फसते हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून गंज पितळी, शेगडी मातीची, तिवई लाकडी, खिळासुद्धा बाभळीचा. चाक घेतलं तेही धाव काढून टाकलेलं. धाव म्हणजे चाकाला बाहेरून घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी. तिच्यामुळे लाकूड झिजत नाही. ती जुनी धाव लोहारानं कधीच काढून नेली होती. मायची विळी प्रयोगाच्या वेळी शेजारणीकडे जायची. माझ्या केसांतला आकडासुद्धा ते काढायला लावायचे, आणि मी झिंज्या सोडून चाक फिरवत बसायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, मास्तरच्या पोरीच्या अंगात येते.

"पन वरनात लोखंड कुठी हाय?" मी एकदा विचारलं.

"लोखंडच पाह्यजे असं नाई. वीज वाहून नेनारा रस पाह्यजे," बाबा म्हणाले आणि त्यांनी गंजात दोन ओंजळी मीठ टाकलं. खाऱ्या पाण्यातून वीज जाते. गेली असेल. पण ते वरण माणसानं खाल्लं नाही, कुत्र्यानं खाल्लं नाही, आणि आमचा गोऱ्हा तर त्याचा वास घेऊन जो मागं सरला तो आठ दिवस अंगणात पाय ठेवेना.

खरं सांगते, त्या गंजात बघायला मला आवडायचं. चाक थांबलेलं असलं की वरणाला कशीही उकळी फुटायची. पण चाक एका चालीनं फिरू लागलं की ती उकळी शहाणी व्हायची. बाबांनी वर मोहरी टाकलेली असायची. ती हळूहळू तीन-चार भोवऱ्यांत गोळा होऊन फिरायची, फुगडी घालणाऱ्या पोरींसारखी. बाबा म्हणायचे, "पाह्य, आपल्या पायाखाली हेच चालू हाय." मी पायाखाली पाहायची. मग ते वहीत लिहायचे: काय केलं, वरण उकळले, फेरे पाचशे. काय झालं, सुई हलली नाही. काऊन, गंज लहान असावा. दुसऱ्या दिवशी: सुई हलली नाही. काऊन, फेरे मंद असावेत. स्वतःच्या वहीत मात्र त्यांना 'असावा' चालायचं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली, वही निम्मी भरली, पण सुई हलली नाही. त्यांनी एक दिवससुद्धा खोटं लिहिलं नाही. हे ध्यानात ठेवा.

आता पाटील.

बाबा एकदा चौथीच्या वर्गाला होकायंत्र शिकवत होते. पाटील खुर्चीत बसून डुलक्या घेत होते. बाबा म्हणाले, "होकायंत्राची सुई नेहमी उत्तर दाखवते."

पाटलांनी एक डोळा उघडला. "नेहमी?"

"नेहमी."

"चुकत नाई?"

"कधीच नाही."

पाटील खुर्चीतून उठले आणि त्यांनी बाबांच्या हातातलं होकायंत्र निरखून पाहिलं. त्याच संध्याकाळी ते आमच्या अंगणात हजर. होकायंत्रासमोर उकिडवे बसले, पागोटं सारखं केलं आणि हात जोडून म्हणाले, "वरच्या वावरात औंदा पऱ्हाटी पेरतो. हो का?"

सुई जिथं होती तिथंच राहिली, उत्तरेला.

"हो म्हनते!" पाटील म्हणाले.

बाबांनी समजवायचा प्रयत्न केला. "पाटील, तसं नाई. उत्तर म्हंजे दिशा."

"मंग मी काय म्हनून राह्यलो मास्तर? दिशाच दाखवते थे."

"पन त्याले विचारून..."

"नावातच सांगतलं हाय ना बाप्पा. हो-का-यंत्र. आपन 'हो का?' विचाराचं, थे उत्तर दाखवते." पाटलांनी बाबांकडे असं पाहिलं की जणू हेडमास्तर तेच आणि बाबा चौथीत नापास.

त्या दिवसापासून पाटील दर दोन-चार दिवसांनी यायचे. बैल विकू का, मळ्यात विहीर खोदू का, कमिटीचा अध्यक्ष मीच राहू ना? सुई प्रत्येक वेळी हो म्हणायची. पाटलांना एकदाही शंका आली नाही, कारण गावात सगळेच त्यांना हो म्हणत आले होते. यंत्र तेवढं वेगळं कसं वागेल? मग गावही येऊ लागलं. एकदा दुपारी मी मायला तिवईसमोर बसलेलं पाहिलं. ती सुईला हळूच विचारत होती, "ह्या मानसाचं डोकं ठिकान्यावर हाय. हो का?" सुई उत्तरेला. माय पदर झटकून उठली आणि म्हणाली, "यंत्र खोटं बोलते."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे हसत हसत सांगितलं असतं. पण पाटलांना एक दिवस माझी आठवण झाली. त्यांची बहीण बीबी गावाला दिलेली. तिचा मुलगा लग्नाचा. पाटील आले, तिवईसमोर बसले आणि मला पाणी आणायला सांगून सुईला म्हणाले, "मास्तरची पोर आपल्या भाच्याले करतो. हो का?"

मी तांब्या घेऊन दारात उभी होते. सुई काय म्हणाली हे सांगायला नको.

मुलगा वाईट होता असं म्हणायला मला काही आधार नाही. मी त्याला पाहिलंच नव्हतं. पण त्याच आठवड्यात अमरावतीहून पत्र आलं होतं. तिथं बायकांना मास्तरीण करायची शाळा होती, राहायची सोय होती, आणि मला घेतलं होतं. अर्ज बाबांनीच भरून दिला होता. पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. दिवसातून चार वेळा काढून वाचायची. ते पत्र माझ्यापुरतं सगळं जग होतं. आता एका सुईनं ते कागद करून टाकलं.

मी मायला म्हटलं, "मले कोनी विचारलं काय?"

"तुले काय विचाराचं? भाजीले कोनी इचारते काय, फोडनी देऊ का म्हनून?"

मी बाबांकडे पाहिलं. ज्या माणसानं भाकरीला विचारलं, गाईला विचारलं, वरणाला सात महिने विचारलं, तो माणूस माझ्याकडे न पाहता शेगडीतली राख काढत होता. मला एवढा राग आला की मी त्या दिवशी पृथ्वी उलटी फिरवली. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुलाचे वडील बीबीहून आले. माणूस व्यवहारी. त्यांनी दोनदा-तीनदा सुईला काहीबाही विचारलं, आणि मग पाटलांना म्हणाले, "पाटील, हा साक्षीदार एका जाग्यावर बसून सगळ्याला हो म्हणतो. याच्या जबानीवर म्या पोराचं लग्न लावू?"

पाटलांना ते लागलं. "मंग काय करू म्हन्ता?"

पाहुण्यांनी चाकाकडे बोट दाखवलं. "मास्तर, ही तुमची पृथ्वी ना? मग हिला फिरू द्या, उकळू द्या. एवढी उलथापालथ होऊन बी सुई जाग्यावर ऱ्हायली, तर सोयरीक पक्की. हलली, तर आपली वाट येगळी."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. बुधवार ठरला. बाबांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? वहीत सात महिने एकच वाक्य होतं, सुई हलली नाही. बाबांचं अपयश म्हणजे आता माझं लग्न होतं. इतके दिवस मी मनातल्या मनात त्या प्रयोगाची टिंगल करत आले होते. आता रोज उठून मी तुरीच्या डाळीला हात जोडू लागले. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय याची एवढी काळजी त्या वर्षी जगात दुसऱ्या कुणाला नसेल.

"फेरे वाढवू काय?" मी बाबांना विचारलं.

"तेवढ्यानं नाई होनार पोरी. पृथ्वी मोठी हाय, गंज लहान हाय."

"मंग मोठा गंज आना!"

मी हे ओरडूनच म्हटलं असावं, कारण बाबांनी देवळातला पंगतीचा गंज मागून आणला. दोन माणसांनी उचलावा असा. बुधवारी सकाळी तो वरणासकट चाकावर चढवला आणि कडाड करून चाकाचे दोन आरे मोडले. पृथ्वी एका बाजूला कलली. वरण वाचलं, ते तेवढं पाटलांच्या गड्यानं धरलं म्हणून. पाटील म्हणाले, "घाबरू नका मास्तर. माह्या नव्या दमनीचं चाक काढून आनतो." आणि त्या हलक्या सवारीगाडीचं चाक आणलंही. गड्यांनी ते बसवलं, शेगडी ठेवली, गंज चढवला, आणि सगळे पाहुण्यांना सामोरे जायला वेशीकडे गेले. बाबा घरात कोटाची बटणं लावत होते.

मी अंगणात एकटी. सवयीनं चाकाला एक फेरा दिला.

सुई हलली.

मी डोळे चोळले. पुन्हा फेरा दिला. सुई उत्तरेहून थेट पूर्वेला झोक खाऊन परत आली. शेगडी तर अजून पेटवलीही नव्हती. तिसरा फेरा मी अगदी हळू दिला, आणि मला दिसलं. चाकाला नवी कोरी धाव होती. चारच दिवसांपूर्वी मी ती लोहाराकडे पाहिली होती. गोवऱ्यांच्या गोल जाळात लालबुंद झालेली, चाकावर बसवून वर घागरी ओतल्यावर चर्रर करून आवळलेली. पट्टीची दोन टोकं जिथं जोडली होती तो सांधा तिवईजवळ आला की सुई दचकायची. सांधा दूर गेला की गुमान उत्तरेला. बाबांनी माझा आकडा काढला, विळी शेजारी पाठवली, त्या दिवशी पाटलांचा अडकित्ताही बाहेर ठेवायला लावला. आणि मणभर लोखंड पाटलांच्या कृपेनं मधोमध येऊन बसलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. मी वाचले. आणि बाबा बुडाले. सुई हललेली पाहिली की ते वरणानं हलली असं समजणार, नागपूरच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांना पत्र लिहिणार, आणि सारा मध्यप्रांत त्यांना हसणार. सात महिने खरं लिहिलेल्या वहीत पहिलं खोटं माझ्यामुळे पडणार. मला सांगायला वेळ होता. बाबा दारातून बाहेर आले तेव्हा मी तोंड उघडलंसुद्धा. मग मला उशीखालचं पत्र आठवलं आणि मी तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड मला अजून टोचतं.

मंडळी बसली. पाटील, बीबीचे पाहुणे, गावातले चार-पाच शहाणे. शेगडी पेटली, वरणाला उकळी आली, पाटलांनी हात जोडून प्रश्न केला. मी केस सोडून चाक फिरवू लागले. पहिलाच फेरा पुरा व्हायच्या आत पाटील ओरडले, "हलली बे! हलली!"

"फेऱ्याफेऱ्याला नाही म्हणती," पाहुणे म्हणाले.

बाबांकडे मी पाहणार नव्हते. पण पाहिलं. ते तिवईपाशी गुडघ्यावर बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढं सुख मी त्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "वरन बोललं," ते म्हणत होते. "माय, वरन बोललं!" ते मला माय म्हणाले.

"थांबवा," पाहुणे म्हणाले. "फिरताना काय, काईबी हलतं. थांबल्यावर कुठं ऱ्हाती ते पाहू."

मी तळहातानं चाक धरलं. ते जड होतं, नव्या धावेच्या कडेनं कातडं सोललं, पण सांधा मी बरोबर तिवईसमोर आणून थांबवला. सुई पूर्वेला तोंड करून उभी राहिली. रुसल्यासारखी.

बाबा म्हणाले, "सरक. एकदा मी फिरवतो." प्रयोग दुसऱ्या हातानं करून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी काही मानलं नव्हतं. त्यांनी चाक हळूहळू फिरवलं. सुई उत्तरेला गेली. फिरवत आणलं, सुई पूर्वेला. त्यांचा हात थांबला. त्यांनी सांध्याकडे पाहिलं. मग माझ्या रक्ताळलेल्या तळहाताकडे. मग पुन्हा सांध्याकडे. आणि दिवा मालवावा तसा तो चेहरा मालवला. एका क्षणात सात महिने गेले.

बीबीचे पाहुणे खरंच हुशार होते. त्यांनी नेमकं त्याच वेळी विचारलं, "मास्तर, गंज उतरवून फिरवून पाहा की. मग खरं काय ते कळंल."

हा प्रश्न बाबांनी विचारायला हवा होता. आयुष्यभर ते पोरांना हेच शिकवत आले होते. एक वस्तू काढून घ्या आणि पुन्हा पाहा. वरण खदखदत होतं. मी खाली बघत उभी होते. आता ते खरं सांगणार, कारण त्यांना दुसरं काही येत नाही, हे मला माहीत होतं.

"गंज उतरवता येत नाई," बाबा म्हणाले. पाटलांसमोर त्यांची मान पहिल्यांदा वर होती. "गरम हाय."

एवढंच. गंज खरोखर गरम होता.

पाहुण्यांनी खांदे उडवले. पाटलांनी वाकून सुईकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तिनं मले नाई म्हटलं." ते चिडले नव्हते. कुणी आपल्याला नाही म्हणतं तेव्हा काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच. त्यानंतर ते तिवईसमोर कधी बसले नाहीत.

मग पानं मांडली. घरात पाहुण्यांसाठी दुसरं वरण होतं, पण मायच्या डोक्यात त्या दिवशी काय होतं कुणास ठाऊक, तिनं वाढलं चाकावरचं. बीबीचे पाहुणे घासभर खाऊन थांबले, पाणी प्याले, आणि सभ्य माणूस म्हणून फक्त एवढंच बोलले, "मास्तर, तुमची पृथ्वी लई खारट हाय."

मी अमरावतीला गेले. मलकापूरच्या स्टेशनापर्यंत मला पाटलांच्या दमनीनं पोचवलं, त्याच चाकावर. वाटभर मी त्या धावेकडे पाहत होते. पुढे मी मास्तरीण झाले, पोरींना शास्त्र शिकवलं. पृथ्वीच्या पोटात तसंच चाललेलं असतं, हे पुढे मोठमोठ्या लोकांनी हिशेबानं दाखवलं. बाबांचं म्हणणं बरोबर होतं, वरण तेवढं कमी पडलं. आणखी एक मी शिकले. लाल झालेलं लोखंड थंड होताना पृथ्वीचं चुंबकत्व थोडं अंगात धरून ठेवतं. म्हणजे त्या बुधवारी पाटलांना नाही म्हणाली ती शेवटी पृथ्वीच. हे बाबांना सांगायचं राहून गेलं.

पण त्या गुरुवारची सकाळ सांगायची राहिली. रोज सकाळी वहीत फेऱ्यांचा आकडा मी भरत असे. त्या दिवशी भीत भीतच वही उघडली. नागपूरला लिहायच्या पत्राचा मसुदा असेल, किंवा पान कोरं असेल, असं वाटलं होतं. तिथं बाबांचं नेहमीचं वळणदार अक्षर होतं. पहिल्या रकान्यात: मोठा गंज. पाटलांचे नवे चाक, धावेसह. दुसऱ्या रकान्यात: सुई हलली. तिसऱ्या रकान्यात, 'काऊन'च्या खाली, त्या आख्ख्या वहीत एकदाच, त्यांनी आपल्या घरच्या बोलीत लिहिलं होतं:

पोरीले कोनीच विचारलं नव्हतं.